दसऱ्यानंतरची तांबडी रेघ

मी काही वर्षं कागदांची नोकरी केली, पण त्या कागदांत काय लिहिलंय ते मला अर्धंच कळायचं. मराठी कळायचं, इंग्रजी नाही. माझी शाळा चौथीत संपली. गावात पुढची शाळा होती, पण ती माझ्यासाठी आहे असं घरात कुणाला वाटलं नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तरी जालन्याच्या एमआयडीसीत, एका बियाणे कंपनीच्या मागच्या गोदामात, जाड पडदे लावलेल्या थंड खोलीत बसून मी कागदच कागद पाहिले. आता काम सुटलं आहे. दुपारी जरा आडवी झाले की ते कागद अजून डोळ्यांपुढून जातात, एसटीच्या खिडकीतून शेतं मागं जावीत तसे. एक गेलं की दुसरं, आणि कुठंच थांबा नाही.

त्या खोलीत येण्याआधी मी क्रॉसिंगला जायची. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर संकरित बियाण्याला आई आणि बाप असतात. भेंडीचं घ्या. शेतात मादीच्या ओळी वेगळ्या, नराच्या वेगळ्या. उद्या सकाळी उमलणार अशी मादीची कळी आदल्या संध्याकाळी शोधायची, ती उकलून आतला पिवळा भाग नखानं अलगद काढून टाकायचा आणि वर कागदाची टोपी घालायची. सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. म्हणजे त्या फुलाचं लग्न आम्ही लावायचो, आणि उन्हाच्या आत लावायचो. नख जास्त लागलं तर कळी गळते, कमी लागलं तर बी भेसळीचं होतं. आई कोण, बाप कोण, हे कंपनी कुणाला सांगत नाही. तेच तिचं सगळं धन.

भानुदासमामा त्या कंपनीचे शेतावरचे जुने माणूस. जांब समर्थ गावाच्या बाजूचे. डोक्याला पांढरा रुमाल आणि खिशात शिसपेन्सिल. बाई नवी असो की जुनी, तिला ते "माय" म्हणायचे. कंपनीची जी भेंडी गावोगाव चालायची, तिचा बाप मामांनी तयार केला होता. म्हणजे निवडत निवडत, साल दर साल, आपल्या हातानं. मग एक बाहेरची मोठी कंपनी मुंबईच्या कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की मामा पूर्वी आमच्याकडे कामाला होते, निघताना आमचं बी घेऊन गेले, आणि त्याच बियाचं नाव बदलून ही भेंडी काढली. दावा कंपनीवर होता. पण चोर म्हणून नाव होतं ते मामांचं.

कोर्टानं दोन्ही बाजूंना सांगितलं, की तुमच्याकडे या भेंडीबद्दल जेवढे कागद असतील तेवढे सगळे एकमेकांना दाखवा. फायद्याचे असोत की तोट्याचे. मला याचं फार नवल वाटलं. आमच्याकडं भांडणात लोक तोट्याचा कागद आधी चुलीत घालतात.

हे काम करायला पुण्याहून निखिलसर आले. वयानं लहान, बोलायला फार नम्र. त्यांनी एक स्कॅनर, चार कॉम्प्युटर आणि एक सॉफ्टवेअर आणलं. आणि हाताला नीट असलेल्या दोन बायका मागितल्या. पॅकिंगच्या मुकादमानं मला आणि नसीमआपाला पाठवलं. नसीमआपा माझ्यापेक्षा थोरली, जुन्या जालन्याची, सातवी शिकलेली. मी जेवढी गप्प, तेवढी ती बोलकी. पहिल्या दिवशी एसीच्या गारव्यात दोघी पदर आवळून बसलो, तेव्हा ती म्हणाली, "प्रयागा, इथं तर आपला मुरंबा व्हऊन जाईल. टिकू मात्र बरेच दिवस."

आमचं काम असं. गोदामातून गठ्ठे यायचे. त्यांच्या पिना काढायच्या, घड्या मोडायच्या, कागद सपाट करायचा. पिना म्हणजे नुसत्या पिना नव्हत्या. शेतावरच्या माणसांनी जे हाताला आलं ते टोचलं होतं. बाभळीचे काटे, तारेचे तुकडे, एका ठिकाणी बाईच्या केसांतला आकडा. निखिलसर तो बाभळीचा काटा बोटावर धरून किती तरी वेळ बघत बसले. कागदांच्या घड्यांतून बी सांडायचं, औषध लावलेलं, गुलाबी. वाळलेलं फूल निघायचं. बसचं तिकीट निघायचं. नियम असा होता, की जे कागदात सापडलं ते छोट्या पिशवीत घालून त्या कागदाचा नंबर टाकून ठेवायचं. फेकायचं काही नाही. मला तो नियम आवडला. मला वाटायचं, माणसालाही असं कुणी तरी करायला पाहिजे.

मग कागद मशीनच्या तोंडात द्यायचे. ते एक एक करून आत ओढायचं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर ठेवायचं, आणि पडद्यावर त्याचं चित्र उठायचं, तळाला नंबर घेऊन. त्या नंबरानं तो कागद जगात कुठंही गेला तरी ओळखू येणार. पडद्यावर डावीकडे कागद, उजवीकडे रिकामे रकाने. तारीख, कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, कशाबद्दल. रकाने भरले की तीन बटणं. एक लागू, एक लागू नाही, आणि एक वकिलाचं. वकिलाशी कंपनीचं जे बोलणं झालं तेवढं झाकून ठेवायची मुभा असते. बाकी सगळं उघडं. बटण दाबायचा निर्णय आमचा नसायचा, तो पुण्यातले वकील घ्यायचे. आम्ही फक्त रकाने भरायचो, तेही मराठी कागदांचे.

कारण त्या सॉफ्टवेअरची एक गंमत होती. टाइप केलेलं इंग्रजी ते स्वतःच वाचायचं. एखादा शब्द टाकला, की तो शब्द ज्या ज्या कागदावर असेल ते सगळे कागद पुढं येऊन उभे राहायचे. शेतात "ए सुमन" अशी हाक मारली, की जेवढ्या सुमन असतील तेवढ्या कमरेत सरळ होऊन मान वर करतात, तसं. एकाच पत्राच्या दहा झेरॉक्स असल्या तर ते जुळे ओळखून एकाला ठेवायचं आणि बाकीचे बाजूला काढायचं. पण हातानं लिहिलेलं मराठी त्याला दिसायचं फक्त, वाचता यायचं नाही. मी इंग्रजी कागदाकडं बघायची तसंच ते मराठीकडं बघत असणार. त्यामुळं मला त्याच्याबद्दल जरा आपलेपणा वाटायचा. दोघं मिळून आम्ही एक शिकलेलं माणूस होतो.

दुपारी जेवणानंतर खोलीत फार गुंगी यायची. मशीनचा आवाज एकसारखा, पडद्याचा निळा उजेड, बाहेरचं ऊन जाड पडद्याआड. इंग्रजी पत्रं जायची तेव्हा मला त्या ओळी पेरणीच्या तासांसारख्या दिसायच्या. सरळ काळी तासं, मधून एखादं रोप उगवलं नाही अशी मोकळी जागा. कधी कधी हात काम करायचे आणि मी क्रॉसिंगच्या शेतात असायची, ओली पानं कोपराला लागायची. नसीमआपा खांद्याला हात लावायची. "वापस ये गं. कागद उलटा गेला."

आमच्या घरचे लोखंडाच्या री-रोलिंग मिलमध्ये होते. आगीजवळ दिवस काढून यायचे आणि मला विचारायचे, "मंग वकीलीणबाई, आज कुणाला जेलात टाकलं?" मी म्हणायची, "तुम्हाला टाकायचं होतं, पण तुमचा कागद सापडला न्हाई." एवढंच मी घरात बोलायची त्या कामाबद्दल. बाहेर काही सांगायचं नाही असा नियमच होता, आणि मला तो पाळायला काही कष्ट पडले नाहीत.

मामांना खोलीत यायला बंदी होती. ज्याच्यावर आरोप त्यानं कागदाला हात लावायचा नाही. ते गोदामाच्या दारापाशी बाकावर येऊन बसायचे. शेतावरची कामं त्यांच्याकडून काढून घेतली नव्हती, पण माणसं त्यांच्याकडं पूर्वीसारखी येत नव्हती. गावात देवळात गेले तरी कुणी तरी हसून विचारायचं, "मामा, खिशात काही बी-बी हाय का?" हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं न बघता रस्त्यावरच्या टेम्पोकडं बघत होते.

"कुठवर आलं, माय?" ते रोज विचारायचे.

"तुमची कार्डं लांब आहेत अजून, मामा."

"येऊ दे बराबर. मी काय घाई करून राह्यलो का."

कार्डं म्हणजे त्यांच्या शेताच्या नोंदी. प्रत्येक ओळीचं एक कार्ड, दर हंगामाला नवं. वही नाही, नुसते पुठ्ठ्याचे तुकडे, पेन्सिलीनं लिहिलेले, मातीच्या बोटांनी धरलेले. मामांनी बी आपल्या हातानं तयार केलं की आयतं आणलं, हे कोर्टात सांगणारं जे काही होतं ते याच कार्डांत होतं. कंपनीचे वकील तसं म्हणायचे. म्हणून आम्ही ती कार्डं सगळ्यात शेवटी, हात धुऊन घ्यायची असं ठरवलं होतं.

त्याच्या जरा आधी दसरा आला.

एमआयडीसीत खंडेनवमीला कुठलंच मशीन पूजेवाचून राहत नाही. लोखंड ओढणाऱ्या मिलपासून बी चाळणाऱ्या चाळणीपर्यंत सगळ्यांना हार पडतात. मग आमच्या स्कॅनरनं काय पाप केलं होतं? निखिलसरांनी स्वतः पेढे आणले, त्यांच्या पुण्याच्या साहेबांना फोटो पाठवायचा होता. नारळ त्यांनी बाहेर पायरीवर फोडला, पाणी उडायला नको म्हणून. तेवढी काळजी त्यांनी घेतली.

हार घातला, आणि मी हळद-कुंकवाची कोयरी घेऊन उभी राहिले. आता कुंकू लावायचं कुठं? मशीनचं कपाळ कोणतं?

"वरच्या झाकणावर," निखिलसर म्हणाले.

"ते तर डोकं झालं, सर," नसीमआपा म्हणाली. ती लांब खुर्चीवर बसून पेढा खात होती. "कपाळ तोंडाच्या वर असतं. तोंड कुठंय? कागद खातं तिथं. लाव गं प्रयागा, तिथंच लाव."

"तुला काय कळतं आमच्या पूजेतलं?"

"तोंड तर कळतं ना? बत्तीस वेळा तूच त्याला घास भरवती."

सगळे हसले. मी कागद आत जातो त्या फटीच्या वर कोरडं हळद-कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत, आणि अक्षता वाहिल्या. निखिलसरांनी हात जोडले. फोटो निघाला.

सुटीनंतर आम्ही मामांची कार्डं घेतली. रंगीत स्कॅन करायची होती, कारण कुठं पेन्सिल, कुठं निळी शाई. पडद्यावर कार्ड उठायचं, डाव्या अंगाला एक बारीक तांबडी रेघ, वरपासून खालपर्यंत सरळ. मला ती शाळेच्या वहीतल्या समासासारखी वाटली. नसीमआपालाही तसंच वाटलं. रेघेच्या उजवीकडं मामांचं अक्षर, वाकडंतिकडं. आम्ही पडद्यावरच वाचायचो, रकाने भरायचो, पुढं जायचो. ते दिवस माझे फार चांगले गेले. मामांच्या कार्डांत मी चालत होते असंच म्हणा. पाऊस कोणत्या दिवशी आला, कोणत्या ओळीत माव्याची कीड पडली, सगळं तिथं होतं. संध्याकाळी टेम्पोत बसले तरी पायाला माती लागल्यासारखं वाटायचं.

सगळ्या हंगामांची कार्डं संपली, मशीनवाला माणूस येऊन मशीन आतून पुसून तेलपाणी करून गेला, आणि सगळ्या कागदांच्या प्रती समोरच्या कंपनीला गेल्या. निघताना मामांना मी सांगितलं, "गेली तुमची कार्डं." मामांनी रुमाल काढून परत बांधला.

मग समोरच्या वकिलांचं पत्र आलं. निखिलसरांनी ते आम्हाला मराठीत सांगितलं तेव्हा त्यांचं तोंड उतरलेलं होतं. पत्रात असं होतं: तुम्ही पाठवलेल्या प्रतींवर सगळ्या कार्डांना तांबडा समास आहे. आम्ही येऊन मूळ कार्डं पाहिली, त्यांना समास नाही. म्हणजे प्रती या कार्डांच्या नाहीतच. कुणी तरी समासाच्या नव्या कागदावर हव्या तशा नोंदी लिहिल्या, त्या स्कॅन केल्या, आणि पुन्हा तशीच जुनी दिसणारी कार्डं करून ठेवली. तेव्हा ही सगळी कार्डं बाद करा.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे आधी मामांनी बी चोरलं म्हणत होते, ताई," निखिलसर म्हणाले. "आता म्हणतायत पुरावाही खोटा केला. कार्डं गेली तर मामांकडे बोलायला काही उरत नाही."

बाहेर बाकावर मामा बसलेले दाराच्या काचेतून दिसत होते. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

निखिलसर कॉम्प्युटरपुढं बसले. सॉफ्टवेअरला प्रत्येक कागद कोणत्या दिवशी आत आला ते ठाऊक असतं. त्यांनी रेघ असलेले सगळे कागद एका रांगेत लावले आणि पहिल्यावर बोट ठेवलं. दसऱ्याची सुटी संपली तो दिवस. मग शेवटच्यावर बोट ठेवलं. मशीनवाला पुसून गेला तो दिवस. मधे कार्डंच नव्हती नुसती, कंपनीची दोन-तीन इंग्रजी पत्रंही होती, आणि त्यांनाही तांबडा समास होता.

"दसऱ्याला काय झालं होतं मशीनला?" ते स्वतःशीच म्हणाले.

नसीमआपानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "आपण त्याला कुंकू चारलं गं."

तसंच झालं होतं. मशीनच्या आत काचेची एक बारीक पट्टी असते, कागद तिच्यावरून सरकत जातो. काचेवर एक कण बसला, की तो कण पुढं सरकणाऱ्या प्रत्येक कागदावर रेघ ओढतो. एका कणाची लांबच लांब रेघ. निखिलसर डोक्याला हात लावून बसले, मग हसले, मग परत डोक्याला हात लावला. "फोटोत मी हात जोडून उभा आहे," ते म्हणाले. "तो फोटो आता कोर्टात द्यावा लागणार."

कार्डं आम्ही सगळी पुन्हा स्कॅन केली. पण तेवढ्यानं भागलं नाही. समोरच्यांनी ऐकलं नाही, तेव्हा कोर्टानं एक कमिशनर पाठवल्या, प्रत्यक्ष बघून लिहून द्यायला. वयस्कर वकीलबाई होत्या, पांढरी साडी, चष्मा दोरीला. त्यांच्याबरोबर समोरचे एक तरुण वकील. खोलीत खुर्च्या कमी पडल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि भिंतीनं मला आत घ्यावं असं मला वाटत होतं.

"कुंकू कुणी लावलं?" कमिशनरबाईंनी विचारलं.

माझा आवाज निघेना.

"यांनी लावलं," नसीमआपा म्हणाली, "पण जागा मी दाखवली, मॅडम. लिहायचं तर दोघींचं लिहा."

कमिशनरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही दाखवली?"

"कपाळ सापडत नव्हतं ना यांना."

बाई हसल्या नाहीत, पण पेन थांबलं. मग त्या मला म्हणाल्या, "बोलू नका. नुसतं करून दाखवा. त्या दिवशी लावलं तसं."

कोयरी घरून आणलेली होती. फटीच्या वर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. निखिलसरांनी कोरे कागद माझ्या हातात दिले. मी ते मशीनला दिले. पहिला कागद कोराच आला. दुसरा कोरा. तरुण वकिलांनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, आता कुंकवानंही साथ सोडली. मग पुढच्या कागदावर, पडद्यावर, वरून खाली एक तांबडी रेघ उतरत आली. केसाएवढी.

"ही उजवीकडे आहे," तरुण वकील म्हणाले. "तुमच्या कार्डांवर डावीकडे होती."

"कुंकू पट्टी लावून थोडंच पडतं, वकीलसाहेब," कमिशनरबाई म्हणाल्या, आणि लिहायला लागल्या. त्यांनी काय लिहिलं ते इंग्रजीत होतं. पण कार्डं बाद झाली नाहीत.

बाहेर मामा उभे होते. मी नुसती मान हलवली. ते परत बाकावर बसले, अगदी सावकाश, गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून.

एवढं झाल्यावर मला वाटत होतं, की आता कोर्टात कार्डं वाचली जातील, जज्ज एक एक कार्ड उचलतील, आणि शेवटी मामांचं नाव घेऊन सांगतील की या माणसानं चोरी केली नाही. मी ते डोळ्यांपुढं बघायची. जज्जांच्या टेबलावर माती सांडलेली, गुलाबी बी सांडलेलं. मामा रुमाल काढून उभे. पण तसलं काही झालं नाही. पुढच्या हंगामात दोन्ही कंपन्यांची मुंबईत कुठं तरी तडजोड झाली. दावा मागं घेतला. कुणीच कार्डं उघडली नाहीत. निखिलसर सांगत होते की बहुतेक दावे असेच मिटतात, कागद तयार असले की लोक बोलायला तयार होतात. म्हणजे आमचं काम फुकट गेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच. कॉम्प्युटर गाडीत चढले. सगळ्या कार्डांची चित्रं हार्ड डिस्कच्या एका लहानशा डबीत बसली आणि पुण्याला गेली.

खोली रिकामी करत होतो तेव्हा मामा पहिल्यांदा आत आले. आता बंदी नव्हती. त्यांनी पडदा बाजूला केला, एसीकडं पाहिलं, आणि आम्ही बसायचो त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"तडजोडीचा कागद तुम्ही पाह्यला का, माय?"

"न्हाई मामा. तो इंग्रजीत आहे."

"मी एकाकडून वाचून घेतला. मी चोरी केली न्हाई, असं त्यात लिहिलेलं न्हाई. केली, असंबी न्हाई. दोन्ही बाजूंना काही म्हणायचं न्हाई, बस. जज्जानं कार्डं पाह्यली न्हाईत. आपल्या साहेबानं पाह्यली न्हाईत, त्याला टाइम न्हाई. पुण्याचे वकील मराठी अक्षर बघून पुढं गेल्ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही दोघींनीच वाचली. मंग तुम्हीच सांगा. काय दिसलं?"

मी नसीमआपाकडं पाहिलं. अशा वेळी तीच बोलायची. पण तिनं हनुवटीनं मलाच खूण केली. नियमाचा विचार माझ्या मनात आला. मग वाटलं, कार्डं मामांची, मामांनाच सांगायला काय हरकत.

"मामा," मी म्हणाले, "पहिल्या सालच्या कार्डांवर सगळीकडं एकच लिहिलंय. गेलं. ओळ गेली, झाड गेलं, शेंग वाकडी, काटे फार. दुसऱ्या सालीही तेच. एका कार्डावर तर तुम्ही लिहिलंय, आता हे सोडावं. आणि त्याच्या खालीच, दुसऱ्या पेन्सिलीनं, एक ओळ अजून लावून बघतो. मी क्रॉसिंग केलंय मामा. आयतं आणलेलं बी पहिल्याच सालात नीट उभं राहतं. ते असं रडत रडत येत न्हाई."

इतकं मी सलग कुणाशी बोलले नव्हते.

"आणि अक्षर," नसीमआपा म्हणाली. "खोटी कार्डं करणारा माणूस जरा तरी सुधरून लिहील का न्हाई? एक एक शब्दाला माझे डोळे गेले."

मामा हसले. हसता हसता त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला.

मग म्हणाले, "प्रयागा, हे आमच्या घरी येऊन सांगशील का? आमच्या बाईपुढं."

मी कुणाच्या घरी जाणारी बाई नाही. नातेवाइकांकडंसुद्धा कुणी तरी बरोबर लागतं. पण त्या रविवारी मी आणि नसीमआपा एसटीनं गेलो. मामांच्या घरापुढं अंगण होतं, शेणानं सारवलेलं. मामी सुपात ज्वारी पाखडत होत्या. मामांनी आम्हाला बसवलं आणि स्वतः आत चहा टाकायला गेले, म्हणजे बोलताना आपण समोर नको म्हणून गेले असणार. मी मामींना सगळं सांगितलं. गेलं गेलं लिहिलेलं, सोडावं लिहिलेलं, आणि खालची ती दुसऱ्या पेन्सिलीची ओळ. मामी पाखडत राहिल्या. माझं बोलणं संपलं तेव्हा सूप थांबलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं, उठल्या, आणि कुंपणापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली. "ए गयाबाई, इकडं ये जरा. सासूलाबी घेऊन ये." मग पलीकडच्या घराकडं तोंड करून अजून कुणाला तरी बोलावलं. बायका हात पुसत पुसत आल्या, त्यांच्यामागं दोन-तीन पुरुष आले आणि दाराशी उभे राहिले. मामी आपल्या जागेवर येऊन बसल्या, पदर नीट केला.

"हां माय," त्या मला म्हणाल्या, "आता परत सांग. पहिल्यापासून. जरा जोरात."

मी परत सांगितलं.